काळी माती आणि गुडघ्यातली गादी

बीदरचं पठार जांभ्या दगडाचं. तिथून कलबुर्गीकडे उतरत गेलं की जमिनीचा रंग बदलतो आणि तुरीच्या, ज्वारीच्या काळ्या रानांचा पट्टा सुरू होतो. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तेव्हा तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इथं घर बांधणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे की पाया खोल नेला नाही तर भिंत तडकते. पण घर एका दिवसात खचत नाही. वजन पडलं की ओल्या मातीच्या कणांमधलं पाणी सावकाश बाजूला सरकतं आणि ते जसजसं सरकेल तसतशी जमीन दबत जाते. यात महिने जातात, कधी वर्षंही.

हे दबणं किती आणि किती वेळात होईल, हे प्रयोगशाळेत मोजता येतं. भालकी, बीदर, कलबुर्गीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत स्थापत्य शाखेला शिकणाऱ्या मुलामुलींच्या अभ्यासात ही ‘कन्सॉलिडेशन टेस्ट’ असते. साधारण 60 मिलिमीटर व्यासाची आणि 20 मिलिमीटर जाडीची ओल्या मातीची चकती धातूच्या कड्यात घट्ट बसवतात. तिच्या वर आणि खाली सच्छिद्र दगड ठेवतात. त्यामुळे माती बाजूला पसरू शकत नाही आणि पाण्याला फक्त दगडाच्या छिद्रांतून वाट मिळते. मग वजन ठेवायचं आणि डायल गेजचा काटा वाचत राहायचं. एकेक वजन 24 तास तसंच ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी ते दुप्पट करतात. या प्रयोगामागचं गणित कार्ल टेरझागी या अभियंत्यानं इस्तंबूलमध्ये शिकवत असताना उभं केलं आणि 1925 साली पुस्तकरूपानं जगापुढे ठेवलं. मॉरिस बियो या शास्त्रज्ञानं 1941 मध्ये ते तिन्ही दिशांना लागू पडेल असं वाढवलं.

हाच प्रयोग अगदी लहान आकारात माणसाच्या सांध्यावर करतात. कड्यात मातीऐवजी असते कूर्चेची चकती, म्हणजे ज्या थराला दवाखान्यात ‘गुडघ्यातली गादी’ म्हणतात त्याचा तुकडा. या चकतीचा व्यास जेमतेम काही मिलिमीटर आणि जाडी एक-दोन मिलिमीटर. काळ्या मातीचं आणि या गादीचं शास्त्र एकाच मुळातून वाढलं आहे. गुडघा का टिकतो आणि का बिघडतो, याचं उत्तर बऱ्याच अंशी याच नात्यात सापडतं.

पाण्यानं भरलेला थर

खाटकाच्या दुकानात मटणाच्या नळीच्या टोकावर निळसर झाक असलेला पांढरा, चकचकीत थर दिसतो. तीच सांध्याची कूर्चा. माणसाच्या गुडघ्यात तिची जाडी बहुतेक ठिकाणी 2 ते 4 मिलिमीटर असते. गुडघ्याच्या वाटीमागे ती सर्वांत जाड असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. म्हणून झीज सुरू झाली तरी कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखायला लागतं ते पुढे, आजूबाजूचं आवरण सुजल्यावर आणि खालच्या हाडावर ताण आल्यावर. तोवर बराच काळ निघून गेलेला असतो.

कूर्चेच्या वजनात 65 ते 80 टक्के पाणी असतं. उरलेल्या भागात मुख्यतः दोन घटक. एक म्हणजे कोलॅजनचे तंतू. ते वरच्या थरात पृष्ठभागाला समांतर असतात, मधल्या थरात आडवेतिडवे आणि तळाशी हाडात उभे रुतलेले. दुसरा म्हणजे प्रोटिओग्लायकन नावाचे प्रचंड मोठे रेणू, जे या तंतूंच्या जाळ्यात अडकून बसलेले असतात. या साऱ्याची देखभाल करणाऱ्या जिवंत पेशी अगदी थोड्या, थराच्या घनफळाच्या काही टक्के एवढ्याच.

प्रोटिओग्लायकनच्या साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो. त्याला संतुलित करायला सोडियमचे धन आयन भोवती गोळा होतात, आयनांच्या पाठोपाठ पाणी आत ओढलं जातं आणि कूर्चा फुगू पाहते. कोलॅजनचं जाळं तिला फुगू देत नाही. या ओढाताणीतून शांत, बिनवजनाच्या कूर्चेतही कायमचा दाब राहतो. त्याचं मोजमाप ॲलिस मरूदास या संशोधिकेनं आधी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात आणि पुढे इस्रायलमधल्या हैफाच्या टेक्निऑन संस्थेत केलं. फुगण्याचा दाब आणि कोलॅजनचा ताण यांतला समतोल बिघडलेल्या कूर्चेत कसा ढळतो, हे त्यांनी 1976 साली ‘नेचर’मध्ये मांडलं. काळी माती फुगते ती जवळपास याच कारणानं: तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट खनिजाच्या पापुद्र्यांवरही ऋण भार असतो आणि तोही आयनांसह पाणी आत खेचतो. फरक एवढाच की मातीला आवरून धरणारं तंतूंचं जाळं नसतं, म्हणून ती फुगते आणि फाटते.

यामुळे कूर्चेची चाचणी कुठल्याही पाण्यात करून चालत नाही. तुकडा शरीरातल्या द्रवाइतक्याच खारट द्रावणात बुडवून ठेवावा लागतो. द्रावण जास्त खारट केलं तर विद्युतभारांचा परिणाम झाकला जातो आणि तोच तुकडा मऊ भरतो. अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी 1985 मध्ये हे नेमकेपणानं दाखवलं. कूर्चेच्या ताठरपणाचा मोठा वाटा तिच्या विद्युतभारातून येतो, याचा तो थेट पुरावा ठरला.

दाबायचं कसं, वाचायचं काय

चाचणीच्या तीन मुख्य पद्धती रूढ आहेत. पहिली कड्यातली, मातीच्या चाचणीसारखी. कूर्चेची चकती तिच्याच मापाच्या घट्ट कप्प्यात बसवतात आणि वरून सच्छिद्र धातूचा दट्ट्या टेकवतात. बाजूला पसरायला जागा नसल्यानं पाणी फक्त वर दट्ट्याच्या छिद्रांतून निघतं. एकाच दिशेची हालचाल असल्यानं गणित सोपं राहतं आणि दोन आकडे स्वच्छ हाती येतात: पाणी निघून गेल्यावर उरलेल्या सांगाड्याचा ताठरपणा, आणि पाण्याला वाट देण्याची क्षमता.

दुसरी पद्धत मोकळ्या दाबाची. इथं चकती दोन गुळगुळीत, न झिरपणाऱ्या पाट्यांमध्ये दाबतात. ती कडेनं थोडी फुगते आणि पाणी कडेनंच बाहेर पडतं. कूर्चा बाजूला किती पसरते हे यात कळतं.

तिसऱ्या पद्धतीत तुकडा कापायचीच गरज नसते. हाडावर जागच्या जागी असलेल्या कूर्चेवर लहान, सपाट किंवा गोल टोकाची दांडी टेकवून दाबतात आणि ती किती रुतली ते पाहतात. स्वीडनच्या कार्ल हिर्श यांनी 1944 मध्ये गुडघ्याच्या वाटीची कूर्चा अशीच तपासली होती. पण तिथं एक अडचण आहे. थर पातळ असेल तर खालचं कठीण हाड आकड्यात डोकावतं आणि कूर्चा आहे त्याहून ताठर भासते. त्याची दुरुस्ती करणारं गणित हेज, कीअर, हेरमान आणि मॉक्रोस यांनी 1972 मध्ये दिलं. त्यासाठी त्या जागेची जाडी माहीत असावी लागते. म्हणून दाबून झाल्यावर तिथंच बारीक सुई खुपसतात. मऊ कूर्चा ओलांडून सुई हाडाला लागते त्या क्षणी बल एकदम वाढतं आणि जाडी समजते. पुढे फिनलंडच्या कुओपिओ शहरातल्या संशोधकांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आत नेता येईल असं दाबयंत्रही बनवलं.

तुकडा नीट हाताळणं हेच अर्धं काम. तो गोल धारेच्या पंचानं काढतात आणि लगेच तपासायचा नसेल तर गोठवून ठेवतात. चाचणीआधी तो खारट द्रावणात पूर्ण वितळू देतात आणि वर-खाली समांतर कापून घेतात. जरा तिरका कापला गेला तर दट्ट्या आधी एका कडेला टेकतो आणि सुरुवातीचे आकडे खोटे पडतात. तुकडा वाळला तरी तेच होतं. कुठून कापला हेही महत्त्वाचं असतं. गुरांच्या कूर्चेवर 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात वरच्या थराचा ताठरपणा 0.08 मेगापास्कलच्या आसपास आणि तळाच्या थराचा 2 मेगापास्कलच्या आसपास आला. एकाच चकतीत एवढा फरक! म्हणून कुठल्याही आकड्यासोबत तो कुठल्या प्राण्याचा, कुठल्या सांध्याचा, कुठल्या खोलीचा आणि कुठल्या पद्धतीनं काढलेला हे सांगावंच लागतं.

आता वजन ठेवायचं. कूर्चा लगेच थोडी दबते आणि मग दबतच राहते, आधी भरभर, नंतर सावकाश. 2 ते 4 मिलिमीटर जाडीच्या थराला स्थिर व्हायला 4 ते 16 तास लागू शकतात. प्रयोग उलट बाजूनंही करता येतो. चकती ठरावीक अंतर, म्हणजे जाडीच्या 5 किंवा 10 टक्के दाबायची, तिथंच धरून ठेवायची आणि बल मोजत राहायचं. बल क्षणात शिखर गाठतं आणि मग पाणी वाट काढेल तसतसं ओसरत खाली एका पातळीवर स्थिरावतं. असे तीन-चार टप्पे घेऊन त्या स्थिर पातळ्यांचा आलेख काढला की त्याचा चढ म्हणजे सांगाड्याचा खरा ताठरपणा. मधल्या ओसरण्याच्या वेगातून पाण्याची वाट किती अरुंद आहे ते कळतं.

या आलेखांना एका सूत्रात बसवण्याचं श्रेय व्हॅन मौ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जातं. 1980 मध्ये त्यांनी कूर्चा म्हणजे दोन पदार्थांचं मिश्रण, एक घन जाळं आणि एक वाहतं पाणी, असं धरून गणित मांडलं आणि प्रयोगातले आलेख त्यावर बसवून दाखवले. मातीच्या गणिताशी त्याचं नातं उघड आहे. 1982 मध्ये आर्मस्ट्राँग आणि मौ यांनी माणसांच्या गुडघ्याच्या वाट्यांवर याच रीतीनं मोजमापं केली. ताठरपणा सरासरी 0.79 मेगापास्कल भरला. पाणी वाहू देण्याच्या क्षमतेचा आकडा इतका लहान आला की त्याची कल्पना यायला पुन्हा मातीकडेच जावं लागतं. शहराच्या कचरा-डेपोखाली घाण पाणी मुरू नये म्हणून चिकणमातीचा थर घालतात आणि त्याच्या पाझरण्याला नियमानं मर्यादा घातलेली असते. निरोगी कूर्चा त्या मर्यादेपेक्षाही सुमारे 20 पट कमी पाझरते. शिवाय ती दबली की तिच्यातल्या वाटा आणखी अरुंद होतात. म्हणजे जितकं दाबावं तितकं पाणी अडतं.

18 मेगापास्कलचं कोडं

0.79 मेगापास्कल म्हणजे काय? कूर्चेच्या एक चौरस सेंटिमीटरवर 800 ग्रॅम वजन ठेवून पाणी निघून जाईपर्यंत थांबलं, तर ती जाडीच्या एक दशांश दबेल. हा आकडा फारच मऊ पदार्थाचा आहे.

आणि सांध्यावर येणारा भार? बॉस्टनमध्ये 1980च्या दशकात खुब्याचं हाड मोडलेल्या एका वृद्ध महिलेला दाब मोजणारे संवेदक बसवलेला धातूचा गोल बसवण्यात आला. तो गोल तिच्या नैसर्गिक कूर्चेच्या वाटीत फिरत असे आणि आतले दाब रेडिओ लहरींनी बाहेर पाठवत असे. 1986 मध्ये हॉज आणि सहकाऱ्यांनी ते आकडे प्रसिद्ध केले. खुर्चीवरून उठताना एका ठिकाणी दाब 18 मेगापास्कलपर्यंत गेला होता. एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे 180 किलो!

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या गटानं कृत्रिम गुडघ्यांत संवेदक बसवून पाच रुग्णांत मोजमाप केलं आणि ते 2010 मध्ये प्रसिद्ध केलं. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे 2.6 पट भार येतो. जिना चढताना तो 3.2 पट आणि उतरताना जवळपास 3.5 पट होतो. हे पट 60 किलो वजनाच्या बाईला लावले, तर बीदरच्या किल्ल्याच्या पायऱ्या उतरताना प्रत्येक पावलाला तिच्या एका गुडघ्यावर 200 किलोहून जास्त भार येईल.

मग 0.79 मेगापास्कलची गादी चिरडून सपाट का होत नाही? कारण पाऊल अर्ध्या-पाऊण सेकंदात उचललं जातं आणि तेवढ्या वेळात पाण्याला बाहेर पडता येत नाही. अडकलेलं पाणी दबत नाही, ते दाब स्वतःवर घेतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सोल्ट्झ आणि अतेशियान यांनी 1998 मध्ये कड्यातल्या कूर्चेच्या पाण्याचा दाब थेट मोजला. भार पडल्यापडल्या त्यातला 90 टक्क्यांहून अधिक वाटा पाण्यानं पेललेला होता. तंतूंच्या सांगाड्यावर उरतो तो किरकोळ हिस्सा. म्हणूनच तोच तुकडा चालण्याच्या लयीत वरखाली दाबला, तर स्थिर दाबाच्या तुलनेत तो दहा पटींहूनही जास्त ताठर वाटतो.

घर्षणाचंही तसंच. 1959 मध्ये चार्ल्स मॅककचन यांनी केम्ब्रिजमधून दाखवलं की कूर्चेचा तुकडा काचेवर सरकवला तर सुरुवातीला घर्षण जवळपास शून्य असतं. पण भार तसाच ठेवून थांबलं तर मिनिटागणिक ते वाढत जातं. पाणी भार पेलत असतं तोवर पृष्ठभाग एकमेकांवर रेटले जात नाहीत. पाणी ओसरलं की भार सांगाड्यावर येतो. तुकडा उचलून पुन्हा पाणी पिऊ दिलं की घर्षण परत खाली येतं. ‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ असं गावोगाव म्हणतात. पण सांध्याचं मोठं वंगण कूर्चेच्या आतच दाबाखाली असतं, आणि ते टिकणं पाण्याची वाट अरुंद राहण्यावर अवलंबून असतं.

बिघाड कुठून सुरू होतो

झीज म्हणताना डोळ्यांसमोर घासून पातळ झालेला थर येतो. मोजमापं वेगळा क्रम सांगतात. आधी वरच्या कोलॅजनच्या जाळ्याला धक्का बसतो आणि प्रोटिओग्लायकन निसटू लागतात. मग कूर्चेत पाणी कमी होण्याऐवजी वाढतं, कारण तिला आवळून धरणारं जाळं सैल पडलेलं असतं. पाण्याच्या वाटा रुंदावतात. पाऊल पडल्यावर पाणी आधीपेक्षा लवकर सुटतं आणि जो भार त्यानं पेलायचा तो सांगाड्यावर येतो. सांगाडा आणखी तुटतो आणि हे चक्र फिरत राहतं.

हे मापात कसं दिसतं? बर्लिनच्या एका अभ्यासात कृत्रिम गुडघा बसवताना काढून टाकलेली कूर्चा तपासली गेली. क्लेमान आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार जिचा बिघाड नजरेला सौम्य होता तिचा ताठरपणा सरासरी 0.50 मेगापास्कल होता. मधल्या टप्प्यावर तो 0.37 आणि पुढच्या टप्प्यावर 0.28 झाला. साध्या एक्स-रेमध्ये कूर्चा दिसतच नाही. दिसतं ते दोन हाडांमधलं अंतर. ‘गॅप कमी झालाय’ हे डॉक्टरांचं वाक्य कानावर येतं तेव्हा मऊ पडण्याचा टप्पा केव्हाच मागे पडलेला असतो.

मग भारच टाळावा का? कुओपिओमध्ये तरुण बीगल कुत्र्यांचा एक पाय 11 आठवडे बांधून ठेवला गेला. त्या गुडघ्यावर भार पडला नाही, हालचालही झाली नाही. नंतर दाबून पाहिलं तर त्याची कूर्चा मऊ झालेली होती आणि प्रोटिओग्लायकन घटले होते. उलट दिशेचा पुरावा एमआयटीतून आला. 1989 मध्ये साह आणि सहकाऱ्यांनी वासराच्या जिवंत कूर्चेचे तुकडे बशीत ठेवून दोन प्रकारे दाबले. दाबून तसेच धरून ठेवले तर पेशी नवं प्रोटिओग्लायकन बनवण्याचं काम मंदावत. हलकेच, चालण्याच्या आसपासच्या लयीत दाबले आणि सोडले तर तेच काम वाढे. कूर्चेत रक्त पोचत नाही. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि ये-जा करणाऱ्या भारानं त्या द्रवाची हालचाल राहते.

जिवंत माणसाच्या गुडघ्यातही हे दबणं आता एमआरआयनं पाहता येतं. फेलिक्स एक्स्टाइन यांच्या गटानं निरोगी लोकांना उठाबशा काढायला लावून लगेच तपासलं, तेव्हा वाटीमागची कूर्चा सुमारे 6 टक्क्यांनी कमी भरली. साध्या चालण्यानंतर ही घट सुमारे 3 टक्के होती. आणि व्यायामानंतर पूर्ण भरून यायला तिला दीड तासाहून जास्त वेळ लागतो.

बसून करायची कामं

या आकड्यांकडे बीदर आणि कलबुर्गीच्या सीमेवरून पाहिलं तर त्यांना चेहरा मिळतो. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत पावसाळ्यात मूग, उडीद, सोयाबीन, तूर यांची खुरपणी चालते आणि ती बहुतांशी बायका उकिडवं बसून करतात. बीदरमध्ये बिदरीकामाचे कारागीर जमिनीवर बसून तासन्‌तास नक्षी कोरतात. चूल, धुणं, निवडणं, पूजा, नमाज, पंगत ही सगळी कामं जमिनीशी जोडलेली. गुडघा पूर्ण दुमडणं हा इथल्या आयुष्याचा भाग आहे.

याचा परिणाम काय होतो, यावर सर्वांत ठळक अभ्यास बीजिंगमधला आहे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत साठीपुढच्या लोकांना विचारलं गेलं की पंचविशीत ते दिवसाला किती वेळ उकिडवे बसत. मग त्यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे पाहिले. रोज तीन तासांहून अधिक वेळ बसणाऱ्यांत गुडघ्याचा संधिवात जेमतेम बसणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळला. तासाभरापर्यंत बसणाऱ्यांत मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता. प्रयोगशाळेतल्या निष्कर्षाशी हे जुळतं. दुमडणं स्वतः घातक ठरत नाही. एकाच ठिकाणी, एकाच कोनात, न उठता तासन्‌तास धरून ठेवलेला भार हा स्थिर दाब असतो, आणि स्थिर दाबाखाली पाणी हळूहळू निघून जातं.

गावाकडच्या दुखण्याचं मोजमाप महाराष्ट्रात झालं आहे. पुणे–सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटानं जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाखाली घरोघर जाऊन 4 हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. 18 टक्क्यांच्या आसपास लोकांना हाडं, सांधे, स्नायू यांचं दुखणं होतं, आणि झिजेचा संधिवात सुमारे 6 टक्क्यांत आढळला. भिगवणची शेती, कामाच्या रीती आणि बसण्याउठण्याच्या सवयी सीमाभागापेक्षा फार वेगळ्या नाहीत.

वजनाचा हिशोबही मांडायला हवा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या मेसियर यांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या 142 जाड रुग्णांवर केलेला अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध केला. शरीराचं एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, असं त्यात दिसलं. दिवसभरातल्या हजारो पावलांशी याचा गुणाकार केला की पाच किलो वजन कमी करण्याला किती अर्थ आहे ते समजतं.

बीदरच्या नंदीनगरमध्ये कर्नाटकचं पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. बीदर आणि कलबुर्गी दोन्हीकडे वैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि माती दाबणारी यंत्रं अभियांत्रिकी महाविद्यालयांत उभी आहेत. बैलाची आणि माणसाची कूर्चा ताठरपणात जवळची असते. 1991 मधल्या एका तुलनेत मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर बैलाच्या कूर्चेचा आकडा 0.89 आणि माणसाचा 0.70 मेगापास्कल आला होता. शेळी-मेंढीच्या गुडघ्यावर तर जगभर कूर्चा-दुरुस्तीचे प्रयोग होतात. म्हणजे या विषयाला लागणारी तिन्ही शास्त्रं याच पट्ट्यात शिकवली जातात. ती एकत्र आली तर खुरपणी करणाऱ्या बाईच्या गुडघ्याबद्दलचे आकडे बीजिंग किंवा बर्लिनहून उसने आणावे लागणार नाहीत. त्यासाठी मोठ्या निधीआधी लागेल ती या तीन विभागांनी एका टेबलाशी बसण्याची तयारी.

तोवर आजवरची मोजमापं जे सांगतात ते आचरणात आणण्यासारखं आहे. उकिडवं बसायचं काम असेल तर अधूनमधून उठावं, चार पावलं चालावं, पाय सरळ करावेत. खुरपणीच्या टोळीनं हे एकत्र ठरवलं तर ते जास्त पाळलं जातं. सतत बसायचं असेल तर खाली लहान पाट किंवा चौरंग घ्यावा, म्हणजे गुडघा पूर्ण दुमडून राहत नाही. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानं भार हळूहळू वाढवावा, एकदम शेतात उतरू नये. दुखतं म्हणून गुडघा महिनोन्‌महिने हलवायचाच नाही, असं करू नये. सपाट रस्त्यावर रोज चालावं. आणि गुडघ्याला सूज, अडकणं किंवा आठवडाभर न थांबणारं दुखणं असेल, तर पुढच्या सुगीपर्यंत न थांबता तो डॉक्टरांना दाखवावा.